पोवळ्याचं कलम



गेल्या खेपेला आपण थिसिअसच्या जहाजाचं कोडं घेतलं होतं. जहाजाची एकेक फळी कुजत गेली, एकेक बदलत गेली, शेवटी जुनी एकही उरली नाही. तर हे जहाज तेच का? कोडं सुटलं नाही, हे आपल्याला आठवत असेलच. व्याख्यान संपल्यावर एका ताईंची चिठ्ठी आली. त्या मूळच्या मालवणच्या. चिठ्ठीत दोन प्रश्न होते. पहिला असा, की आमच्याकडे समुद्रात पोवळ्यांचे तुकडे लावतात म्हणे. मग अशी लावलेली वस्ती ही पहिलीच वस्ती म्हणायची, की तिची नक्कल? आणि दुसरा, खालच्या ओळीत, घाईनं लिहिल्यासारखा: समुद्रच तापत चालला असेल तर लावायची तरी कशाला?

पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पेपरात शोभेल असा आहे. दुसरा त्याहून अवघड. आज या चिठ्ठीलाच उत्तर द्यायचा प्रयत्न करू. समुद्रविज्ञान हा आमचा विषय नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण गेले काही आठवडे आम्ही या विषयावरचं हाती येईल ते वाचत होतो, आणि वाचता वाचता आमचं वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेलं एक मत बदललं. ते कसं बदललं हेच मुख्यतः सांगायचं आहे.

आधी पोवळं म्हणजे काय ते पाहू. पोवळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला लाल खडा येतो, मंगळासाठी घालतात तो. ते पोवळं वेगळं. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं आणि त्याच्या भिंती उभ्या राहत नाहीत. आपण बोलतो आहोत ते उबदार, उथळ समुद्रात दगडाची वस्ती बांधणाऱ्या प्रवाळांबद्दल. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानं पोवळ्याची दखल दगडांवरच्या ग्रंथात घेतली. पुढे बराच काळ विद्वान त्याला वनस्पती समजत. १७२०च्या दशकात मार्सेयचा एक वैद्य, पेसोनेल त्याचं नाव, म्हणू लागला की पोवळ्यावर दिसतात ती फुलं नव्हेत, ते प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाला हे इतकं हास्यास्पद वाटलं, की ते मत अकादमीपुढे मांडताना त्यानं पेसोनेलचं नावच घेतलं नाही. बिचाऱ्याची नाचक्की नको म्हणून! पुढे पेसोनेलच खरा ठरला. विद्वानांची दया कधीकधी अशी महागात पडते.

पण गंमत अशी, की दगड, झाड आणि प्राणी या तिन्ही मतांत काही ना काही तथ्य आहे. प्रवाळ हा प्राणीच, पण अगदी लहान, बहुतेक वेळा काही मिलिमीटरचा. मऊ पिशवीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शिका. तो स्वतःभोवती चुनखडीची वाटी बांधतो आणि तीत राहतो. शेजारी दुसरा, तिसरा, हजारावा. अशी वसाहत तयार होते. हा झाला दगड. आणि त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. हे झालं झाड. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं आणि ते तसंच काही आठवडे राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजन म्हणजे मरण नव्हे. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतो.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. यात व्यक्ती कोण? एक प्राणी, की सगळी वसाहत? फांदीसारख्या वाढणाऱ्या प्रवाळाची एक फांदी मोडली आणि ती भक्कम जागी टेकली, तर ती मरत नाही. तिथंच चिकटते, वाढते. म्हणजे ती नवी झाली, की जुनीचाच विस्तार? कोकणातल्या माणसाला हे कोडं पडायचं कारण नाही. हापूसचं झाड कोयीपासून करत नाहीत, कलम बांधतात. कुठल्याशा एका जुन्या झाडाची फांदी हजारो बागांत पसरली, आणि आपण तिला हजार झाडं म्हणतो, आंबा मात्र एकच म्हणतो. प्रवाळाचं पुनर्रोपण म्हणजे असंच छाट कलम आहे. निरोगी वसाहतीचा बोटभर तुकडा घ्यायचा, किंवा वादळात मोडून पडलेले जिवंत तुकडे गोळा करायचे, पाण्यातल्याच रोपवाटिकेत दोरीवर किंवा जाळीच्या मेजावर काही महिने वाढवायचे, आणि मग उजाड झालेल्या खडकावर सिमेंटनं बसवायचे. निसर्गानंच ही युक्ती आधी शोधलेली आहे. कॅरिबियन समुद्रात एल्कहॉर्न नावाचं प्रवाळ आहे, रुंद शिंगांसारख्या फांद्यांचं; त्याचा प्रसार मुख्यतः वादळात मोडून पडलेल्या फांद्यांतूनच होत आला.

मग माणसानं मध्ये पडायची गरज काय? याचं उत्तर दोन ठिकाणी जाऊन पाहू. दोन्ही ठिकाणी प्रवाळ मोडला, पण मोडण्याची कारणं वेगळी, म्हणून लावण्याची रीतही वेगळी.

पहिलं ठिकाण बेलीझ. मध्य अमेरिकेतला कॅरिबियन किनाऱ्यावरचा छोटा देश, लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. त्याच्या किनाऱ्याला लागून प्रवाळांची लांबलचक रांग आहे, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. दक्षिणेला प्लासेन्शिया नावाचं गाव आहे, पूर्वी मासेमारीचं, आता पर्यटनाचंही. त्या गावासमोर समुद्रात लाफिंग बर्ड की नावाचं एक चिमुकलं बेट आहे. हसल्यासारखा आवाज काढणारे कुरव पक्षी तिथं असत, म्हणून हे नाव. गावकऱ्यांनीच आग्रह धरला आणि १९९१ साली ते बेट राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं मासे धरायचे नाहीत, असं ठरलं.

या समुद्रावर एकामागून एक घाव बसले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एका रोगानं एल्कहॉर्न आणि त्याचं भावंड स्टॅगहॉर्न यांचा कॅरिबियनभर फडशा पाडला. १९८३-८४ मध्ये काळे काटेरी समुद्री साळू मेले. साळू मेले तर प्रवाळाचं काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. साळू खडकावरचं शेवाळ चरत असत. चरणारं गेल्यावर शेवाळ माजलं, आणि प्रवाळाच्या पिल्लांना टेकायला स्वच्छ दगड उरला नाही. मग ऑक्टोबर २००१ मध्ये आयरिस चक्रीवादळ थेट याच भागावर आलं. पूर्वी वादळ म्हणजे प्रवाळाची पेरणी होती. पण पेरायला बी तरी हवं ना! विरळ झालेल्या वस्तीवर आलेलं वादळ नुसतंच मोडून गेलं.

२००६ साली लिसा कार्न या समुद्रजीवशास्त्रज्ञ बाईंनी एल्कहॉर्नचे १९ तुकडे आणून या बेटाजवळ बसवले. एकोणीस. ते जगले, वाढले. पुढे रोपवाटिका झाल्या, २०१३ मध्ये 'फ्रॅगमेंट्स ऑफ होप' नावाची संस्था झाली, आणि दक्षिण बेलीझमध्ये लावलेल्या तुकड्यांची संख्या आज नव्वद हजारांच्या वर आहे. पण आमचं लक्ष त्या आकड्यापेक्षा ते लावणाऱ्या हातांकडे गेलं. हे काम करणारे बहुतेक गावचे कोळी, पर्यटकांना समुद्र दाखवणारे वाटाडे, आणि त्यांत बऱ्याच बाया. त्यांना शिकवलं जातं आणि कामाचे पैसे मिळतात. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. लोकसहभाग या गोड शब्दाखाली गरिबाकडून फुकट काम करून घ्यायची रीत आपल्याकडेही आहे, म्हणून सांगितलं.

आणि काम म्हणजे नुसतं लावणं नव्हे. लावणं एका सकाळचं असतं. नंतर दोरीवरचं शेवाळ ब्रशनं घासून काढायचं, प्रवाळाचं मांस खाणाऱ्या गोगलगायी वेचायच्या, सुटलेला तुकडा पुन्हा बसवायचा, आणि किती जगले ते मोजायचं. शेतात खुरपणी असते तशी ही समुद्रातली खुरपणी. जोडीला देशानं कायदे केले. २००९ मध्ये पोपट मासा आणि त्याच्यासारखे शेवाळ चरणारे मासे धरायला बंदी आली. साळू गेले, आता हेच चरणारे. २०१० संपता संपता ट्रॉलरची मासेमारी बंद झाली. पुढे समुद्रातलं तेलउत्खनन थांबवलं गेलं, आणि २००९ पासून 'धोक्यात' म्हणून नोंदलेलं बेलीझचं हे वारसास्थळ २०१८ मध्ये त्या यादीतून बाहेर आलं. म्हणजे तुकडे लावणं हा या कहाणीचा एक धागा. बाकीचे धागे नसते तर तुकडे लावूनही फारसं काही झालं नसतं.

दुसरं ठिकाण इंडोनेशियातलं. सुलावेसी बेटावरच्या मकासर शहरासमोर स्पर्मोंदे नावाचा द्वीपसमूह आहे. इथं घाव माणसाच्या हातचा. बाटलीत स्फोटक भरायचं, वात पेटवून पाण्यात टाकायची, मेलेले मासे गोळा करायचे. बेकायदा आहे, तरी वर्षानुवर्षं चाललं. एका धमाक्यात मासे मिळतात खरे, पण खालचा प्रवाळ खडीसारखा फुटतो. आता इथं एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. फुटलेल्या खडीवर प्रवाळाची पिल्लं येऊन बसत नाहीत असं नाही. बसतात. पण भरती-ओहोटीच्या ओढीनं, लाटांनी खडी गडगडत राहते, आणि तिच्यावरचं पिल्लू उलथून दबून मरतं. म्हणून पाणी चांगलं असलं, जवळ निरोगी वस्ती असली, तरी असा उकिरडा दशकानुदशकं उकिरडाच राहतो. अशा ठिकाणी 'निसर्गाला आपलं काम करू द्या' हा सल्ला चुकतो. निसर्ग काम करतोच आहे, पण पायाखालची जमीन सरकते आहे.

तिथं युक्ती काढली ती अशी: लोखंडी सळ्यांचे सहा पायांचे सांगाडे करायचे, त्यांवर वाळूचा थर द्यायचा, प्रत्येकावर प्रवाळाचे तुकडे बांधायचे, आणि हे सांगाडे एकमेकांत अडकवून खडीवर जाळ्यासारखे पसरायचे. खडी थांबते. बादी नावाच्या बेटाजवळ २०१३ ते २०१५ या काळात असे ११,००० सांगाडे सुमारे ७,००० चौरस मीटरवर बसवले गेले. या कामामागे चॉकलेट बनवणारी मार्स कंपनी होती आणि हात बेटावरच्या लोकांचे होते. त्या सांगाड्यांवरचा जिवंत प्रवाळ दहा टक्क्यांच्या आतून साठ टक्क्यांच्या वर गेला. पुढे २०२४ मध्ये याच भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लावलेली वस्ती चार वर्षांत निरोगी वस्तीच्या वेगानं चुनखडी बांधू लागते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात दुसरंही एक निरीक्षण होतं: प्रवाळांचं मिश्रण मूळ वस्तीसारखं नव्हतं. लवकर वाढणाऱ्या, फांद्यांच्या जाती जास्त लावल्या गेल्या, म्हणून त्याच जास्त झाल्या. आणि गरम पाण्याला त्याच आधी बळी पडतात.

तर पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं. वस्तीचं काम तेच, घडण वेगळी. थिसिअसच्या जहाजात फळीच्या जागी फळी होती. इथं सागवानाच्या जागी आंब्याचं लाकूड बसलं, पण जहाज चालतं आहे. कलमांचा आणखी एक धोका हापूसवाल्यांना सांगायला नको. सगळी झाडं एकाच रक्ताची असली की एक रोग सगळ्यांना पुरतो. प्रवाळांमध्ये खरं मिश्रण होतं ते वर्षातल्या मोजक्या रात्री, बऱ्याच जातींत पौर्णिमेच्या मागेपुढे, जेव्हा वसाहती एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. म्हणून जाणकार लोक रोपवाटिकेत वेगवेगळ्या वसाहतींचे तुकडे ठेवतात, कुठला कुणाचा याची नोंद ठेवतात, आणि लावताना ते जवळजवळ लावतात. पुढे त्यांचं लग्न जमावं म्हणून, असं म्हणू या.

आता आमचं बदललेलं मत. १९८२ साली रॉबर्ट इलियट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं 'फेकिंग नेचर' नावाचा निबंध लिहिला. नाव अर्थपूर्ण आहे: निसर्गाची बनावट. त्याचं म्हणणं, एखाद्या थोर चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच, कारण चित्राचं मोल त्याच्या जन्मकथेतही असतं. तसंच निसर्गाचं. पुढे १९९२ मध्ये एरिक कॅट्झ या अमेरिकन तत्त्वज्ञानं तर पुनर्स्थापनेला 'मोठं असत्य' म्हटलं. आम्ही हे दोन्ही निबंध वर्गात शिकवले, आणि खोटं कशाला बोला, पटवून शिकवले. माणसानं लावलेलं ते वन नव्हे, ती बाग. देवराई वेगळी आणि वनीकरणाची रांग वेगळी, अशी उदाहरणं देऊन.

या वेळी इलियटचा निबंध पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली, जी इतकी वर्षं आम्ही भराभर ओलांडून जात होतो. तो निबंध ज्या वादातून निघाला तो फ्रेझर बेटावरच्या वाळूच्या खाणींचा. खाण काढणारे म्हणतात, आम्ही आता खणतो, नंतर सगळं होतं तसं करून देऊ. इलियटचा राग या वाक्यावर आहे. म्हणजे आधी वचन, मग मोडतोड. पुनर्स्थापना इथं परवाना म्हणून वापरली जाते. प्लासेन्शियाच्या बायांनी काहीही मोडण्यासाठी एकोणीस तुकडे लावले नव्हते. मोडलेलं समोर होतं, आणि ते त्यांनी मोडलं नव्हतं. कृती एकच, पण आधीची की नंतरची, आणि कुणी केली, यावरून तिचा नैतिक अर्थ पालटतो. इलियटचा युक्तिवाद पहिल्या प्रकाराला लागू आहे. आम्ही तो दुसऱ्यालाही लावत होतो. ही आमची चूक.

हा भेद दूरच्या देशांपुरता नाही. मुंबईत किनारी रस्त्याचं काम निघालं तेव्हा वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या काही वसाहती आढळल्या. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. म्हणून २०२० साली रीतसर परवानगी घेऊन तज्ज्ञांनी त्या उचलल्या आणि दुसरीकडे बसवल्या. ज्यांनी ते काम केलं त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. प्रवाळ जागीच गाडला जाण्यापेक्षा हे बरंच. पण याला आणि बेलीझमधल्या कामाला एकाच नावानं हाक मारू नये. एक स्थलांतर आहे, दुसरी डागडुजी. आपली भाषा इथं मदत करते. जुन्या देवळाची दुरुस्ती करतात तिला आपण जीर्णोद्धार म्हणतो. धरणात जाणारं देऊळ उचलून दुसरीकडे बांधलं तर त्याला पुनर्वसन म्हणतो. दोन्हीकडे दगड तेच असू शकतात.

आणि राखण किती काळ? २०२० साली जगभरच्या ३६२ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साठ टक्के प्रयोगांवर दीड वर्षाहून कमी काळ लक्ष ठेवलं गेलं होतं. दीड वर्ष! आंब्याच्या कलमालासुद्धा आपण त्याहून जास्त काळ पाणी घालतो. निधी दोन-तीन वर्षांचा असतो, अहवाल लिहिला जातो, बोटी निघून जातात. तिथं राहणारी माणसं उरतात. 'लोकाधारित' या शब्दाचा अर्थ आमच्या मते इथं कसाला लागतो. तुकडे बांधायला गावकरी मजूर म्हणून आले होते, की इथं लावू नका, यंदा नको, ही जात नको, असं म्हणायचा अधिकार त्यांना होता? नाही म्हणता येत असेल तर तो समाज. नुसतं हो म्हणता येत असेल तर ती हजेरी.

आता दुसरा प्रश्न. तो टाळता येणार नाही.

स्पर्मोंदेचे ते ७,००० चौरस मीटर म्हणजे आपल्या हिशेबात एकोणसत्तर गुंठे, पावणेदोन एकर. त्याला ११,००० सांगाडे आणि दोन वर्षं लागली. जगातल्या उथळ प्रवाळ खडकांचं क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास धरतात. गणित आपणच करा. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात काय झालं ते ऐका. कॅरिबियन आणि फ्लोरिडाचा समुद्र कधी नव्हे इतका तापला. फ्लोरिडात सोम्ब्रेरो रीफ नावाच्या जागी वर्षानुवर्षं लावलेले प्रवाळ जुलै महिन्यात सगळेच्या सगळे मेलेले आढळले. काही रोपवाटिकांतले तुकडे लोकांनी घाईघाईनं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणले, घराला आग लागल्यावर पोरं बाहेर काढावीत तसे. बेलीझमध्येही विरंजन झालं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगव्यापी विरंजनाची चौथी लाट जाहीर केली. तिची झळ जगातल्या चार-पंचमांशाहून जास्त प्रवाळक्षेत्राला लागली.

मग कशाला लावायची? 'आशा सोडू नये' हे उत्तर आम्ही देणार नाही. ते उत्तर नव्हे, पाठीवरची थाप आहे. तापलेल्या समुद्रावर पुनर्रोपण हा उपाय नाही, आणि तसा तो कुणी विकत असेल तर त्याला इलियटचा निबंध वाचायला द्यावा. धूर सोडणारे एका टोकाला, आणि तुकडे बांधणारा कोळी दुसऱ्या टोकाला. त्याच्या हातून यांचं पाप फिटत नाही.

पण आम्हाला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. तेव्हा आम्ही विशीत होतो. घरात खायला मिलो, तोही मोजून. माजघरात मात्र एक कणगी लिंपून ठेवलेली होती, बियाण्याची. धाकटी भावंडं भुकेली असत, आणि ती कणगी आईनं उघडली नाही. पाऊस येईल अशी तिला खात्री होती म्हणून नव्हे. सलग दोन वर्षं गेली होती, खात्री कुणालाच नव्हती. पाऊस आलाच, आणि त्या दिवशी घरात बी नसलं, तर आलेला पाऊस फुकट जाईल, एवढा साधा तिचा हिशेब होता. आईला त्या कणगीची आशा वगैरे काही वाटत नव्हती, असंच आम्हाला आता वाटतं. ती राखत होती.

रोपवाटिकांचं खरं काम आम्हाला असं दिसतं. तापलेल्या उन्हाळ्यात सगळे तुकडे सारखे मरत नाहीत. कुणी आधी पांढरा पडतो, कुणी टिकतो. जिथं नोंद ठेवली आहे तिथं सांगता येतं की अमुक वसाहतीचा तुकडा टिकला, तमुक बाजूच्या सावलीतला टिकला. पुढचं कलम त्याचं करायचं. नोंद नसेल तर नुसता पांढरा सांगाडा दिसतो, कुणाचा ते कळत नाही. समुद्र निवेल की नाही हे प्लासेन्शियाच्या हातात नाही. तो निवेपर्यंत कणगी रिकामी होऊ न देणं थोडंफार आहे.

राहिलं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. तो विरोध अडाणीपणाचा होता असं समजू नका. त्यांना न विचारता त्यांच्या दारात रेघ ओढली गेली होती. प्लासेन्शियात गावानंच रेघ मागितली होती, हा फरक विसरता येत नाही. गेल्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्गात पुनर्रोपणाचे प्रयोग झाले, स्थानिक तरुण डुबकी मारायला शिकले. पण आपल्याकडचं घड्याळ वेगळं आहे. पावसाळ्यात नद्यांचं गोडं, गढूळ पाणी येतं, म्हणून मालवणात एल्कहॉर्नसारखे फांद्यांचे प्रवाळ नाहीत. आहेत ते बहुतेक गोलसर, पसरट, दगडाला बिलगून राहणारे. एल्कहॉर्न वर्षाला दहाएक सेंटीमीटर वाढतो, आपले हे गोलसर प्रवाळ जेमतेम एक. चार वर्षांत वस्ती उभी राहिली असा फोटो मालवणात निघणार नाही. तिथं लावण्यापेक्षा न मोडणं जास्त कामाचं, आणि मोडतो तो मुख्यतः नांगर.

दोन वर्षांमागे हिवाळ्यात आम्ही तिथं गेलो होतो. पाण्यात उतरायचं वय राहिलं नाही. होडीतूनच वाकून पाहिलं. शेजारून पर्यटकांची दुसरी होडी आली, आणि त्यातला नवखा पोरगा नांगर सोडायला उठला. आमचा नावाडी, रापणकराचा मुलगा, इकडूनच ओरडला, "हय नांगर टाकूचो नाय!" पोरानं नांगर खाली ठेवला आणि थोडं पुढे तरंगणाऱ्या बोयाला दोर बांधला. रापण म्हणजे आपल्याला माहीत आहे, सारा गाव किनाऱ्यावरून एक जाळं ओढतो आणि वाटे पडतात. आम्ही त्याला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं, सरकारनं की शाळेत? तो म्हणाला, दोघांनीही सांगितलं, पण त्या खडकात मासे राहतात हे आजोबांनी सांगितलं होतं.

ताईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहिली आहे, तिचं अक्षर आम्हाला लागलं नाही. त्या इथं असतील तर चहाच्या वेळी सांगावी. पुढच्या गुरुवारी नागसेनाचा रथ घेऊ.